मावळतीचा पहारा

पिशोरची गाडी स्टँडवर लागली की मी ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभा राहायचो. इंजिनाच्या झाकणाजवळ फडक्यात बांधलेले डबे दाटीवाटीनं ठेवलेले असायचे. गावाकडची पोरं शहरात शिकायला ठेवलेल्या सगळ्या आया त्या गाडीनं डबे पाठवायच्या. आमच्या डब्याची गाठ मला लांबूनच ओळखू यायची, कारण माय फडक्याची टोकं आत खोचायची, बाहेर लोंबू द्यायची नाही. आईला आम्ही मायच म्हणायचो. डब्यात ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी वांग्याचं भरीत, उन्हाळ्यात कैरीचा ठेचा. इंजिनाच्या उबेनं भाकरी हाताला कोमट लागायची आणि ती आत्ताच चुलीवरून उतरली आहे असं मी स्वतःला समजावून खायचो. कंडक्टर डब्याबरोबर निरोपही आणायचा. केस काप, दुधाचा चहा पी, परीक्षा कधी ते सांग. रिकामा डबा आणि माझा उलट निरोप दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं परत जायचा. घरात एकानं तरी शिकावं म्हणून माझ्या थोरल्या भावानं, दादानं, सातवीतच शाळा सोडून औत धरलं होतं. वडील मी चौथीत असताना गेले. तेव्हा ती कोमट भाकरी मी कुणाच्या जिवावर खातो आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी राहायचो उस्मानपुऱ्यात, एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. सकाळी गिरणी सुरू झाली की फरशीखालून थरथर यायची, पाण्याच्या तांब्यावर तरंग उठायचे, आणि सगळ्या कपड्यांना गव्हाच्या पिठाचा वास असायचा. शेजारच्या खोलीत हमीदभाई राहायचे. दिवसा रेडिओ दुरुस्त करायचे आणि कार्यक्रम असला की शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. एकदा भिंतीपलीकडून आवाज आला आणि मी वही मिटून उठलो. आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागत होता. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. मांडीवर लांब दांड्याची, चार जाड तारांची गिटार घेऊन ते बसले होते. मी विचारलं, हे एवढंच वाजवतात का? ते हसले आणि आत बसायला जागा करून दिली.

मला तो आवाज ओळखीचा वाटला होता, त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या गावात चैत्रात मारुतीच्या देवळापुढं हरिनामाचा सप्ताह बसतो. सात दिवस, अष्टौप्रहर नाम चालू राहतं आणि तेवढे दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. प्रत्येकाच्या उभं राहण्याच्या वेळेला पहारा म्हणतात. दिवस मावळतीचा पहारा आमच्या वडिलांचा असायचा. मी त्यांच्या पायाशी बसलेलो असायचो आणि वीणेची तार छेडली की भोपळ्याचा घुमारा वरून अंगावर उतरायचा. वीणेवर कुणी गाणं वाजवत नाही. एकच सूर, पुन्हा पुन्हा. बाकीचे टाळ-मृदंग कितीही उसळले तरी ती आपली तशीच. वडील गेल्यावर तो पहारा दुसऱ्या माणसांकडे गेला. मायनं तेव्हा नवस बोलला होता की धाकटा शिकून पास झाला तर सप्त्यात त्याच्या गळ्यात वीणा घालीन आणि मावळतीचा पहारा त्याच्याकडून करून घेईन. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पारावरची म्हातारी माणसं मला अधूनमधून विचारायची, काय रे, वीणा कधी घेतोस?

हमीदभाईंनी मला पहिले कित्येक दिवस गिटार नुसती मांडीवर धरायला दिली. म्हणायचे, "दिगंबर मियाँ, अभी बजाओ नक्को. पहले चक्की सुनो." गिरणीच्या पट्ट्याला जिथं जोड असतो तिथं तो चाकावरून जाताना टप्प असा वाजतो. त्या टप्पवर मी एक तार छेडायची, बस्स. दुपारभर एक तार. बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. सुट्टीत घरी गेलो तेव्हा जेवताना मायनं माझा हात धरून उजेडाकडे केला. "कोणच्या परीक्षेत बोटं सोलतात रे?" तिनं विचारलं. मी सांगून टाकलं की चार तारांचं वाद्य शिकतोय. दादानं ताटातून मान वर केली नाही, पण म्हणाला, "आम्ही इकडं ढेकळं फोडतो, अन् साहेब तिकडं तारा छेडत्यात." वहिनी हसू दाबत चुलीकडे वळली. मायनं फक्त विचारलं, वीणेसारखं असतंय का? मी म्हणालो, तसंच. तिनं माझ्या बोटांना तेल-हळद लावली.

गिरणीवर ताल शिकण्याचा एक तोटा झाला. मका किंवा हरभऱ्याचं जड दळण पडलं की पट्टा जरा मंदावतो आणि दळण सरलं की पुन्हा वेग धरतो. माझ्या हाताला तीच सवय लागली. पुढं ऑर्केस्ट्राच्या तालमीला मी हमीदभाईंच्या मागं जाऊन बसायला लागलो, कधीमधी मला वाजवायला मिळायला लागलं, तेव्हा गाण्याच्या मध्यावर माझी लय थोडी खाली यायची. ड्रम वाजवणारा बाबू काड्या थांबवून ओरडायचा, "दिग्या, कुणाचं दळण टाकलं रे?" सगळे हसायचे, मीही हसायचो. ऑर्केस्ट्राचे मालक अकॉर्डियन वाजवायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. गायकानं ऐन वेळी सूर बदलला की मास्तर अकॉर्डियनवरून हात काढून बोटं दाखवायचे, जितकी बोटं तितक्या नंबरची पट्टी, वर केली तर काळी, आडवी केली तर पांढरी. माझी नजर सतत त्यांच्या हातावर असायची. अजूनही रंगमंचावर कुणी कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला तरी माझी बोटं तारेवर सरकतात.

मी बी.ए. झालो. निकाल घेऊन गावी गेलो तेव्हा मायनं मारुतीपुढं नारळ फोडला आणि येत्या चैत्रात पहारा आहे असं पुजाऱ्याला तिथंच सांगून टाकलं. त्यानंतरचे महिने मी शहरात नोकरी शोधत होतो असं घरी समजत होते. अर्ज करत होतो, हे खरं आहे. पण अर्ज टाकून आलो की जिना चढून गिटार घ्यायचो, हेही तितकंच खरं आहे. सप्ताह जवळ आला तसा कंडक्टरकडून निरोप आला. मायनं माझ्यासाठी नवं धोतर आणि पांढरी बंडी आणून ठेवली होती. सप्त्याच्या चौथ्या दिवशी मावळतीचा पहारा माझा. सकाळच्या गाडीनं निघ, अंघोळ इथं कर. मी म्हणालो, येतो म्हणून सांगा.

त्याच आठवड्यात हमीदभाईंचं दुबईचं ठरलं. तिथं त्यांच्या मेव्हण्याच्या दुकानात काम होतं. ते आवरू लागले आणि मास्तरांनी मला बोलावून घेतलं. चिकलठाण्याला एका कारखान्याचा वार्षिक कार्यक्रम होता, संध्याकाळचा, कामगार आणि त्यांच्या घरच्यांसाठी. मास्तर म्हणाले, हमीद चाललाय, तू बसतोस का? बसलास तर पुढंही तूच. नाही तर जालन्याचा एक जण तयार आहे, त्याला आजच सांगतो. मी दिवस विचारला. तो चौथाच दिवस होता. मी मास्तरांना नवसाचं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "अरे, तुझ्या आईचा नवस आहे, मी कोण नको म्हणणार? जा तू. पण मला माणूस लागतो, तेही तू समजून घे." त्यांनी मला संध्याकाळपर्यंत वेळ दिला.

मी हमीदभाईंकडे गेलो. ते ट्रंकेत कपडे भरत होते. त्यांनी सांगावं की वाजव, म्हणजे ओझं त्यांच्यावर जाईल, असं मला मनातून वाटत असावं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अम्मा का मामला है, मैं कुछ नहीं बोलता." मग पुन्हा कपडे भरू लागले. मी खाली गिरणीच्या पायरीवर जाऊन बसलो. पीठ पडत होतं, बाया डबे घेऊन ओळीत उभ्या होत्या. मी असा हिशेब मांडला की नवस पुढच्या वर्षीही फेडता येईल, देव कुठं जात नाही, पण मास्तरांकडची जागा जाईल. हा विचार मला त्या वेळी अगदी बिनतोड वाटला होता. दुसऱ्या दिवशी मी रिकामा डबा कंडक्टरला दिला आणि म्हणालो, मायला सांगा, त्या दिवशी कार्यक्रम आहे, जमणार नाही, पुढच्या साली नक्की. कंडक्टरनं डबा घेतला आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तो आमच्याच भागातला होता. सप्ताह म्हणजे काय हे त्याला सांगायची गरज नव्हती.

कार्यक्रम कारखान्याच्या आवारात होता. मंडपात पुढं सतरंज्यांवर बायका-पोरं, मागं खुर्च्यांवर साहेब लोक, आणि पलीकडं बंद यंत्रांच्या शेडवर मावळतीचं ऊन. हमीदभाईंच्याच गिटारला वायर जोडली, तार छेडली आणि पायाखालची फळी हलली. पहिलं गाणं मी मास्तरांच्या हातावरून नजर न काढता वाजवलं. दुसऱ्या गाण्यात बाबूच्या ड्रमची थाप आणि माझी तार एका जागी पडायला लागली. बाबू माझ्याकडे बघून मान डोलवायला लागला. मास्तरांनी दोनदा सूर बदलल्याची खूण केली आणि दोन्ही वेळा माझं बोट त्यांच्या बोटाबरोबर गेलं. लय कुठंही खाली आली नाही. समोरची पोरं उठून नाचायला लागली. मी आयुष्यात इतका खूश त्याआधी कधी झालो नव्हतो. मी कार्यक्रमाला गेलो ही एक गोष्ट झाली. तिच्याबद्दल माणूस स्वतःची समजूत घालू शकतो, पोट आहे, संधी आहे. पण पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मला मायची एकदाही आठवण आली नाही, त्याबद्दल स्वतःची समजूत आजपर्यंत घालता आलेली नाही. आठवण आली ती वायर गुंडाळताना. अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गावी गेलो. सप्ताह चालूच होता. लांबूनच टाळांचा आवाज येत होता. मंडपामागं चुलवणं पेटली होती, बाया बट्ट्यांचं पीठ मळत होत्या आणि वरणाच्या काहिलीतून वाफ निघत होती. वहिनीनं मला पाहिलं, हात धुतले आणि घराकडं चला म्हणाली. वाटेत तिनं सगळं सांगितलं.

मावळतीच्या आधीचा पहारा नानांचा होता. नाना म्हणजे आमचे चुलते, गुडघ्यांनी अधू झालेले. त्यांची वेळ भरत आली तेव्हा सगळ्यांनी दादाकडं पाहिलं. दादा खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "ज्याच्या नावानं बोलला, त्यानं उभं राहावं. मी नाय उठत." रागात होता तो, आणि राग माझ्यावर होता. नानांचे पाय लटपटत होते. दुसरं कुणी पुढं होईना, कारण दुसऱ्याच्या नवसाचा पहारा घ्यायचा की नाही असा पेच. तेव्हा माय बायांमधून उठली. डोक्यावरचा पदर नीट केला, मंडपाच्या मधून चालत गेली आणि नानांना म्हणाली, "नवस माझा हाय. आणा इकडं." आमच्या गावात तोवर बाईच्या गळ्यात वीणा गेलेली नव्हती. नाना म्हणाले, अगं वहिनी, पण. तेवढंच म्हणाले, कारण तिनं त्यांच्या मानेवरचा पट्टा उचलून आपल्या गळ्यात घातला होता. दोघा-तिघांचे टाळ थांबले. एक म्हातारा उठून चालता झाला. पण भांडायचं कसं? भांडायचं तर नाम थांबवावं लागतं, आणि नाम थांबलं की सप्ताह मोडला. हिसकावून घ्यायची तर वीणा खाली पडायची भीती. म्हणून सगळे रागानं लाल होऊन राम कृष्ण हरी म्हणत राहिले. वहिनी हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. पुढचा पहारा ज्याचा होता तो बाईच्या हातून वीणा घेईना. तो खाली मान घालून टाळ वाजवत बसला. म्हणून मायला त्याचाही पहारा उभं राहून काढावा लागला. शेवटी नानाच गुडघे चोळून परत आले आणि त्यांनी घेतली.

माय ओसरीवर पाय सोडून बसली होती. पाय सुजले होते. कोपऱ्यात खुंटीवर माझं नवं धोतर घडी न मोडलेलं लटकत होतं. मला पाहून तिनं जेवलास का विचारलं. मी तिच्या पायांशी बसलो आणि म्हणालो, माय, चुकलं माझं.

"कुणी काय म्हणलं का तुला?"

"कुणी नाय. मीच म्हणतोय."

तिनं सुजलेले पाय जरा जवळ ओढले. मग म्हणाली, "तुझ्या बापाच्या पायाशी तू बसायचा. मी लांबून बघायचे, बायात बसून. मला वाटायचं, काय असंल त्या वीणेत, एवढं गप उभं राहत्यात. काल कळलं." तिनं छातीवर हात ठेवला. "इथं वाजती ती. व्हय का नाय?"

मी व्हय म्हणालो.

"मग. पुढल्या साली तू ये, नाय तर नको येऊ. पहारा मीच घेणारे."

मला वाटलं होतं ती रडेल किंवा बोलेल. दोन्हीची तयारी करून मी गाडीत बसलो होतो. तिनं नवस तर फेडलाच, आणि 'पुढच्या साली नक्की' हा माझा निरोपही काढून घेतला. फेडायला माझ्याकडे काही ठेवलंच नाही. दादा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. पंगतीत मात्र माझ्या ताटात तूप वाढून गेला.

मास्तरांनी शब्द पाळला. त्यांच्याकडे मी बरीच वर्षं होतो, नंतर दुसऱ्या ऑर्केस्ट्रांत, लग्नांत, गणपतीत, नवरात्रात, कॅसेटचे दिवस आले तेव्हा ध्वनिमुद्रणात. कितीतरी भजनांच्या कॅसेटांवर माझी बेस आहे, झाकणावर नाव नसलं तरी. त्या चार तारांवर मी घर बांधलं, मुलींना शिकवलं, दादाच्या मुलाला शहरात ठेवून घेतलं. मी तक्रार करायला बसलेलो नाही. जे मिळालं ते माझ्यासारख्या घरातल्या मुलाला पुष्कळ आहे. पण चैत्र म्हणजे लगीनसराई आणि जत्रांचा मोसम. त्या एका संध्याकाळी मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रंगमंचावर असायचो. माय दरवर्षी वीणा घेऊन उभी राहायची. दुसऱ्या वर्षी तिच्या हातून वीणा घ्यायला एक जण पुढं आला, तिसऱ्या वर्षी कुणी काही बोललंच नाही. पुढं गावातल्या आणखी बायांनी पहारे मागून घेतले. हे सगळं मला वहिनीकडून, कंडक्टरांकडून, नंतर फोनवर कळत राहिलं. मायनं मला वाजवताना कधी ऐकलं नाही, आणि मी तिला वीणा घेऊन उभी असताना कधी पाहिलं नाही. एक वर्ष कार्यक्रम सोडला असता तर चाललं असतं. दर वर्षी मला पुढचं वर्ष दिसत होतं.

माय गेली ती पौषात. त्या चैत्रात मी कुठलाही कार्यक्रम घेतला नाही. पहाऱ्याच्या आदल्या दिवशीच गावी गेलो. चौथ्या दिवशी दुपारी विहिरीवर अंघोळ केली, धोतर नेसलो. ते मला नीट नेसता येत नव्हतं, दादानं निऱ्या घालून दिल्या. ऊन उतरू लागलं तसा मी मंडपात गेलो. मध्ये वीणा घेऊन वहिनी उभी होती. केस पांढरे झालेले, डोळे मिटलेले, बोट तारेवर सावकाश पडत होतं. मावळतीचा पहारा मायनं जाण्याआधी तिच्याकडं दिला होता, हे मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवायचं तरी कशासाठी? मी पुढं गेलो आणि तिच्यासमोर हात पसरून उभा राहिलो. टाळ चालूच होते. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, माझे हात पाहिले, माझं धोतर पाहिलं.

"अजून माझी वेळ भरायचीय, भावजी," ती हळूच म्हणाली. "बसा तुम्ही."

मी सतरंजीवर जागा बघितली आणि बसलो.